पिण्याचे पाणी आणि वापरायचे पाणी : नांदेड व लातूर येथील प्रवासी निवासांच्या जलस्वच्छतेचा इतिहास

१. विषयप्रवेश

मराठी गृहव्यवस्थेत पाण्याचे दोन वर्ग फार जुने आहेत. एक पिण्याचे पाणी आणि दुसरे वापरायचे पाणी. पहिले वस्त्रगाळ करून, झाकून, उंचावर ठेवावयाचे. त्यात बुडवावयाचे भांडेही निराळे. दुसरे हौदात किंवा पिंपात भरून ठेवावयाचे आणि त्यावर स्नान, धुणे, भांडी व सडासारवण उरकावयाचे. हा भेद केवळ सोवळ्याओवळ्याचा नव्हता. टंचाईच्या प्रदेशात उत्तम पाणी थोडे असते. ते पोटासाठी राखावे व उरलेले अंगासाठी वापरावे, यात अनुभवाचे शहाणपण होते. एकोणिसाव्या शतकात पटकी आणि विषमज्वर यांची कारणे पाण्यात सापडली, तेव्हा विज्ञानानेही या भेदास एका परीने पाठिंबाच दिला. नगरपालिकांची जलशुद्धीकरण केंद्रे, आरोग्य खात्याच्या जलपरीक्षा आणि पेयजलाचे भारतीय मानक ही सर्व पिण्याच्या पाण्याच्या कल्पनेभोवती उभी राहिली आहेत.

१९७६ साली अमेरिकेतील एका हॉटेलात उद्भवलेल्या रोगाने या मांडणीतील एक उणीव उघडी केली. हा रोग पाण्यातील जंतूमुळे होतो. परंतु तो मुख्यतः पाणी पिऊन होत नाही, तर पाण्याचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेल्याने होतो. म्हणजे ज्या पाण्याकडे ‘वापरायचे’ म्हणून दुर्लक्ष होते, तेच येथे धोक्याचे ठरते. नांदेड आणि लातूर येथील प्रवासी निवासांत पाणी कसे येत गेले, कसे साठविले गेले आणि त्याच्या शुद्धतेचे उत्तरदायित्व कोणाकडे होते, याचा विचार प्रस्तुत निबंधात या दृष्टीने केला आहे. या दोन नगरांत अमुक निवासातून हा रोग पसरला, असे येथे प्रतिपादन करावयाचे नाही. टंचाई, उष्णता आणि साठवण यांचा जो संयोग या प्रदेशात इतिहासक्रमाने घडून आला, तो या रोगाच्या दृष्टीने कसा आहे, एवढेच पाहावयाचे आहे.

२. वाहते पाणी व शिळे पाणी

मराठवाड्याची भूमी दख्खनच्या काळ्या खडकाची. या खडकात पाणी मुरते ते भेगांतून व झिजलेल्या थरांतून; म्हणून येथे जलसंचयाच्या कृत्रिम योजना प्राचीन काळापासून कराव्या लागल्या. नांदेड जिल्ह्यातील कंधार हे राष्ट्रकूटकालीन महत्त्वाचे नगर. तेथील ‘जगत्तुंग समुद्र’ हा विस्तीर्ण तलाव त्या काळाची साक्ष देतो. यादवकाळात व त्यानंतर बांधलेल्या पायऱ्यांच्या बारवा या प्रदेशात जागोजाग आढळतात. देवालयाजवळची बारव हीच पुष्कळदा वाटसरूची पाण्याची व मुक्कामाची जागा असे.

प्रवासी निवास आणि पाणी यांचा योजनापूर्वक मेळ घातल्याचे मराठवाड्यातील उत्तम उदाहरण छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील पाणचक्कीचे होय. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबर याने या नगरास भूमिगत नहरीने पाणी आणले. त्याच परंपरेतील पुढील नहरीवर अठराव्या शतकात पाणचक्की उभी राहिली आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरात येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंसाठी तिच्यावर धान्य दळले जाऊ लागले. डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून येत असल्याने ते सूर्यतापापासून दूर राही आणि सतत वाहते असे. जंतुशास्त्राचा जन्म होण्यापूर्वीची ही रचना. तथापि थंडावा आणि प्रवाह हे जलस्वच्छतेचे दोन मूलगुण तिच्यात एकत्र आले होते.

नांदेड येथे ही भूमिका गोदावरीने पार पाडली. गुरु गोविंदसिंगजी १७०८ साली येथे निजधामास गेले आणि एकोणिसाव्या शतकात महाराजा रणजितसिंग यांच्या आश्रयाने तख्त सचखंड श्री हजूर साहिबची वास्तू उभी राहिली. गोदावरीचे पाणी घागरीतून वाहून आणून तख्तसाहिबच्या स्नानास वापरण्याची परंपरा येथे आजही पाळली जाते. नगिना घाट, बंदा घाट यांसारख्या घाटांवर यात्रेकरू स्नान करीत. स्नान नदीवर होत असल्याने मुक्कामाच्या जागी स्नानाचे पाणी मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवण्याची आवश्यकता नव्हती.

घरगुती व्यवस्थेतही एक नियम सर्वत्र दिसतो. आदल्या दिवशीचे पाणी ‘शिळे’ मानले जाई. सकाळी ते झाडाला वा अंगणात टाकून, तांब्यापितळेची भांडी चिंचेने किंवा राखेने घासून नवे पाणी भरले जाई. स्नानाचे पाणी तांब्याच्या बंबात तापे. बंबात लाकडे व कोळसे घालून पाणी कढत करीत, ते घंगाळात काढून त्यात गार पाणी मिसळीत आणि तांब्याने अंगावर घेत. या पद्धतीत पाणी कोमट अवस्थेत दिवसचे दिवस पडून राहत नसे. भांडे रोज रिकामे होई आणि रोज घासले जाई. जंतूंची कल्पना नसतानाही वेळ आणि उष्णता यांवर आचारानेच नियंत्रण ठेवले होते. या आचाराला एक अट मात्र होती : शिळे पाणी टाकून देण्याइतके नवे पाणी उपलब्ध असले पाहिजे. टंचाईच्या वर्षी ही अट पाळली जात नसे, आणि पुढील इतिहासाची बीजे येथेच आहेत.

३. सराईचा कायदा

यात्रा आणि साथ यांचा संबंध एकोणिसाव्या शतकात राज्यकर्त्यांच्या ध्यानी आला. पटकीच्या प्रसारास यात्रा हे अत्यंत प्रबळ कारण आहे, असा निष्कर्ष १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने काढला. पुढच्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभमेळ्यानंतर उत्तर हिंदुस्थानात पटकी पसरली. त्याच १८६७ साली ब्रिटिश हिंदुस्थानात सराईंच्या नियमनाचा बाविसावा कायदा संमत झाला. या दोन घटनांत सरळ कार्यकारणभाव जोडण्याचे कारण नाही. परंतु कायद्याचा आशय त्या काळच्या चिंतेचा द्योतक आहे.

या कायद्याने प्रवाशांच्या आश्रयासाठी वापरली जाणारी इमारत ‘सराई’ ठरविली आणि तिचा ‘रक्षक’ कोण, याची व्याख्या केली. मालक आणि व्यवस्था पाहणारा, असे दोघेही या व्याख्येत येत. रक्षकावर जी कर्तव्ये लादली, त्यांत संसर्गजन्य रोगाने कोणी आजारी पडल्यास वा मेल्यास पोलीस ठाण्यास ताबडतोब वर्दी देणे हे एक होते; आणि खोल्या, ओसऱ्या व गटारे यांबरोबरच प्रवासी किंवा जनावरे ज्या विहिरी, तलाव वा अन्य साधनांतून पाणी घेतात, ती दंडाधिकाऱ्याचे समाधान होईल अशी स्वच्छ ठेवणे हे दुसरे.

येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली ही, की कायद्याने पिण्याच्या व वापरायच्या पाण्यात भेद केला नाही. प्रवासी आणि त्याचे जनावर यांना लागणाऱ्या सर्व पाण्याचा त्यात समावेश होता. दुसरी ही, की पाण्याच्या साधनाचे उत्तरदायित्व एका ओळखता येणाऱ्या व्यक्तीवर ठेवले गेले. हा कायदा मराठवाड्यास मात्र लागू नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता, १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. तथापि या कायद्याचे तत्त्व, म्हणजे जेथे प्रवासी उतरतो तेथील पाण्याला एक रक्षक असावा हे तत्त्व, पुढील विवेचनास उपयोगी पडणारे आहे.

लातूरचा यात्रामार्गाशी संबंध लोहमार्गाने आला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप याच्या पुढाकाराने निघालेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. १९०६ साली ती पंढरपुरास, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस पोहोचली. लातूरचा अडतबाजार या मार्गाने वाढला आणि मराठवाड्यातील वारकरी याच मार्गाने पंढरीस जाऊ लागला. मिरज ते लातूर या मार्गाचा उल्लेख पुढे निराळ्या संदर्भात पुन्हा येईल.

४. नारूचा धडा

जलसाधनाची रचना बदलल्याने रोग कसा नष्ट होतो, याचे प्रत्यक्ष उदाहरण नारूचे आहे. नारू झालेला मनुष्य पायऱ्या उतरून बारवेत पाय बुडवी. जखमेतून कृमीच्या अळ्या पाण्यात जात. त्या पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवात वाढत. आणि ते पाणी पिणाऱ्यास पुढे सुमारे वर्षभराने नारू होई. ज्या बारवेचे शिल्प आज वाखाणले जाते, तिच्या पायऱ्याच या रोगाचे वाहन होत्या. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. १९८०नंतरच्या राष्ट्रीय मोहिमेत पायविहिरींचे रूपांतर आडात करणे, हातपंप बसविणे, पाणी गाळून पिणे आणि औषध टाकून सायक्लॉप्स मारणे या उपायांवर भर दिला गेला. भारतातील शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

या यशाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. नारूवर लस नव्हती आणि त्याचा जंतुनाश करणारे औषधही नव्हते. मनुष्य आणि पाणी यांच्या भेटीची जागा बदलली, आणि रोग गेला. उलट पक्षी, भेटीची नवी जागा निर्माण झाली म्हणजे नवा रोग संभवतो, हेही ओघाने आले. बारव गेली आणि तिच्या जागी विंधन विहीर, पंप आणि छपरावरची टाकी आली. ती नवी जागा कशी आहे, हे पाहण्यापूर्वी तिच्याशी निगडित असलेल्या रोगाची ओळख करून घेणे इष्ट होईल.

५. हॉटेलात सापडलेला रोग

जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फिया येथील बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले. अधिवेशन संपल्यावर, प्रतिनिधी घरोघर परतल्यावर, त्यांच्यापैकी अनेकांना तीव्र फुप्फुसदाह झाला. अधिवेशनाशी संबंधित १८२ जण आजारी पडले व २९ मृत्यू पावले; हॉटेलच्या परिसरातील इतर रोगी धरता एकूण संख्या २२१ आजारी व ३४ मृत अशी होते. अनेक महिने कारण सापडेना. जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड आणि चार्ल्स शेपर्ड यांनी एक नवा जंतू वेगळा काढला. त्यास पुढे लिजिओनेला न्यूमोफिला हे नाव मिळाले.

जपून ठेवलेले रक्तद्रव तपासता हा रोग नवा नव्हता, असे दिसून आले. १९६५ साली वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयात व १९६८ साली मिशिगनमधील पाँटिअॅक येथे उद्भवलेल्या अज्ञात साथी याच कुळातील ठरल्या. स्पेनमधील बेनिडॉर्म येथील एका हॉटेलात १९७३ साली स्कॉटलंडचे प्रवासी आजारी पडले होते. तेही याच रोगाने. त्याच हॉटेलात रोग पुनःपुन्हा आढळल्यावर तेथील जलव्यवस्थेकडे संशोधकांचे लक्ष गेले. १९८० साली ऑक्सफर्ड येथे रुग्णालयाच्या स्नानाच्या फवाऱ्यांतून हा जंतू वेगळा काढण्यात आला. आणि त्याच वर्षी टिमोथी रोबॉथम याने दाखवून दिले की, पाण्यात मुक्तपणे राहणाऱ्या अमीबांच्या शरीरात हा जंतू वाढतो. या दोन शोधांनी चित्र स्पष्ट झाले. लिजिओनेला नद्या-तलावांत अल्प प्रमाणात सर्वत्र असतो व तेथे सहसा उपद्रव करीत नाही. मनुष्याने बांधलेल्या नळांत व टाक्यांत त्यास अनुकूल परिस्थिती मिळते, तेव्हा तो फोफावतो.

अनुकूल परिस्थिती म्हणजे काय? साधारणतः २० ते ४५ अंश सेल्सियस तापमान, साचलेले पाणी, टाकी-नळाच्या आतील बुळबुळीत जैव थर, गाळ, गंज व क्षारांची पुटे, आणि नाहीसा झालेला क्लोरीन. एवढे जमून आल्यावर पाण्याचे तुषार करणारे एखादे साधन असले, मग तो स्नानाचा फवारा असो, कारंजे असो किंवा मोठ्या वातानुकूलन यंत्रणेचा शीतकरण मनोरा असो, की जंतू श्वासात पोहोचतो. वृद्ध, धूम्रपान करणारे, मधुमेही व क्षीण प्रतिकारशक्तीचे लोक त्यास अधिक बळी पडतात. एका मनुष्यापासून दुसऱ्यास तो सहसा होत नाही. म्हणून पटकीप्रमाणे तो गावातून गावात पसरत जात नाही. तो स्थानाशी बांधलेला असतो, आणि ते स्थान बहुधा एखादी इमारत असते.

आतड्यातील जंतूंच्या अस्तित्वावरून पाण्याची शुद्धता ठरविण्याची जी रूढ परीक्षा आहे, तिने लिजिओनेला कळत नाही. कारण त्याचा उगम मलमूत्रात नाही. पिण्यास योग्य ठरलेले पाणीही नळात व टाकीत पडून राहिल्यावर या दृष्टीने अयोग्य होऊ शकते.

६. लातूर : टाकीचे युग

१९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात विंधन विहिरींचे व टँकरचे युग सुरू झाले. उघड्या विहिरीचे पाणी डोळ्यांना दिसे; विंधन विहिरीचे पाणी थेट पंपातून टाकीत जाऊ लागले. काळ्या खडकातील खोल पाणी पुष्कळदा जड, म्हणजे क्षारयुक्त असते. त्याची पुटे गीझरच्या आत, नळांच्या तोट्यांवर व फवाऱ्यांच्या छिद्रांत साचतात आणि जंतूंना आसरा देतात.

१९८२ साली लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढील दशकांत ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिक्षणपद्धतीमुळे बाहेरगावचे विद्यार्थी मोठ्या संख्येने येथे येऊ लागले; वसतिगृहे, खाणावळी व लॉज यांची संख्या वाढली. नगराचा मुख्य जलाधार धनेगाव येथील मांजरा धरण. ते आटले की नगराजवळ दुसरा तोलाचा आधार उरत नसे. नळ रोज येत नसेल तर प्रत्येक इमारतीस आपला साठा आपणच करावा लागतो. आणि नळाची पाळी जितकी लांबते तितकी टाकी मोठी होते. अशा रीतीने जमिनीखालचा हौद व छपरावरची प्लॅस्टिकची टाकी हे नगराचे खरे जलाशय बनले.

२०१५-१६ साली या व्यवस्थेची कठोर परीक्षा झाली. मांजरा धरण कोरडे पडले. नळाचा पुरवठा बंद पडून टँकरवर भिस्त आली. मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या जागी होणारी गर्दी आवरण्यासाठी जमावबंदीचा आदेश काढावा लागला. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्याचे ठरले. राजस्थानातील कोटा येथील कार्यशाळेत टाकीच्या वाघिणी वाफेने स्वच्छ करण्यात आल्या. पहिली गाडी १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिल २०१६ रोजी लातुरास पोहोचली. पुढे ५० वाघिणींची गाडी सुमारे २५ लाख लिटर आणू लागली. सव्वातीनशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा हा प्रवास ज्या मार्गाने झाला, तो जुन्या बार्शी लाइट रेल्वेचाच, आता रुंद झालेला मार्ग होता.

इतिहासाच्या अभ्यासकाने या प्रसंगातील एका तपशिलाकडे लक्ष द्यावे. पाणी ज्या भांड्यातून यावयाचे, ते भांडे वाफेने शुद्ध करण्याची काळजी शासनाने घेतली. म्हणजे शुद्ध उगमाचे पाणीही अशुद्ध भांड्याने बिघडते, हे तत्त्व सर्वमान्य होते. परंतु हे पाणी शेवटी ज्या भांड्यांत गेले, त्या हजारो खाजगी हौदांना व टाक्यांना असा कोणताही नियम नव्हता. उगमाची जबाबदारी पाटबंधारे खात्याची, शुद्धीकरणाची महापालिकेची, वाहतुकीची रेल्वेची. आणि इमारतीच्या आत शिरल्यावर ते पाणी कोणाचेच नव्हते. टंचाईत निवासांतील व्यवस्था साहजिकच अशी झाली, की पिण्यासाठी विकतचा जार आणि वापरासाठी टँकरचे किंवा विंधन विहिरीचे पाणी. पिण्याच्या पाण्याची प्रत सुधारली. वापरायच्या पाण्याची मात्र उतरली. जुना द्विभाग अधिकच पक्का झाला.

७. नांदेड : दूरदेशी आजारी पडणारा यात्रेकरू

नांदेडला गोदावरीचा व नगराच्या वरच्या अंगास असलेल्या विष्णुपुरी प्रकल्पाचा आधार असल्याने तेथील टंचाईचे स्वरूप लातूरइतके तीव्र नसते. तेथील प्रश्न निवासांच्या रीतीचा आहे. २००८ साली गुरुगद्दीची त्रिशताब्दी साजरी झाली. त्या निमित्ताने, केंद्राच्या नगर-नूतनीकरण योजनेच्या साहाय्यासह, नगरात रस्ते व पाणीपुरवठ्याची कामे झाली आणि यात्रेकरूंसाठी मोठाली निवासगृहे उभी राहिली. घाटावर स्नान करणारा यात्रेकरू आता खोलीस जोडलेल्या स्नानगृहात स्नान करू लागला. नदीचे वाहते पाणी जाऊन त्याच्या जागी टाकीचे साठविलेले पाणी आले.

यात्रास्थळाचा वर्दळीचा क्रम विषम असतो. दसरा, दिवाळी, होला-मोहल्ला अशा पर्वांत एकही खोली रिकामी नसते. मधल्या काळात पुष्कळ खोल्या बंद राहतात. बंद खोलीच्या नळातील पाणी आठवडेच्या आठवडे हलत नाही. मग पर्वणीच्या पहिल्या दिवशी, कदाचित एखाद्या वृद्ध यात्रेकरूच्या हातून, तो नळ उघडला जातो. लातूरच्या वसतिगृहांतही हेच घडते. तेथे सुट्टी नेमकी उन्हाळ्याची, म्हणजे टाक्या सर्वाधिक तापण्याची असते. २०२०च्या टाळेबंदीत जगभरची हॉटेले बंद पडली तेव्हा ती पुन्हा उघडण्यापूर्वी नळ वाहते करून घ्यावेत, अशा सूचना अनेक देशांच्या आरोग्य संस्थांनी दिल्या, त्या याच कारणाने.

आणखी एक अडचण रोगाच्या कालमानातून उद्भवते. जंतू शरीरात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः दोन ते दहा दिवस जातात. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस दोन दिवसांच्या आत पोहोचते. नांदेडच्या निवासात एखाद्यास हा संसर्ग झालाच, तर तो आजारी पडावयाचा पंजाबात. तेथील वैद्य त्यास फुप्फुसदाह म्हणून औषध देणार आणि नांदेडच्या दप्तरी त्याचा मागमूसही उरणार नाही. पटकीची गोष्ट निराळी होती. ती काही तासांत वा दिवसांत यात्रेतच उघड होई. म्हणून १८६७च्या कायद्यातील ‘आजाऱ्याची वर्दी द्या’ हा नियम तिच्यापुरता पुरेसा होता. युरोपीय देशांनी ही अडचण ओळखून १९८०नंतरच्या दशकात प्रवाशांमधील लिजिओनेलाची संयुक्त नोंद ठेवण्यास आरंभ केला. रोगी कोणत्याही देशात सापडो, त्याने आधीच्या दिवसांत कोठे मुक्काम केला होता, हे विचारून त्या स्थानास कळविले जाते.

शिवाय हा जंतू प्रयोगशाळेतील नेहमीच्या पोषकद्रव्यांवर वाढत नाही. कोळसा व यीस्टचा अर्क असलेले विशेष द्रव्य त्यास लागते. लघवीतील परीक्षेने तो ओळखता येतो; परंतु ती परीक्षाही मुख्यतः त्याचा एकच प्रकार दाखविते आणि मुद्दाम मागवावी लागते. अशा स्थितीत नोंद नसणे हा रोग नसल्याचा पुरावा मानणे ऐतिहासिक प्रमाणशास्त्रास धरून होणार नाही.

८. वीस अंशांचा नियम

या रोगाच्या प्रतिबंधाचे नियम प्रथम शीत कटिबंधातील देशांत तयार झाले. ब्रिटनमधील प्रचलित नियम असा की, गार पाणी २० अंशांच्या खाली ठेवावे, गरम पाणी ६० अंशांवर साठवावे आणि तोटीपाशी ते किमान ५० अंशांचे मिळावे. दोन्ही बाजूंनी जंतूच्या वाढीचा पट्टा टाळावयाचा, हे त्यातील तत्त्व. मराठवाड्यात मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. छपरावरच्या टाकीतील ‘गार’ पाणी त्या काळात २० अंशांखाली राहणे अशक्य; वर्षातील बहुतेक महिन्यांत ते वाढीच्या पट्ट्यातच असते. म्हणून येथे थंडाव्याचा आधार सोडून देऊन इतर आधारांवर अधिक भार टाकणे भाग आहे.

हे आधार तीन. पहिला क्लोरीनचा. पेयजलाच्या भारतीय मानकात ग्राहकापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन अपेक्षित आहे. परंतु तो उष्णतेने व काळाने उडून जातो. टँकरचे व विंधन विहिरीचे पाणी टाकीत भरल्यावर तो टाकीपाशीच मोजला गेला पाहिजे. दुसरा उष्णतेचा. सौर उष्णजलाच्या टाकीत ढगाळ दिवशी पाणी कोमटच राहते, आणि काटकसरीने मंद ठेवलेल्या गीझरचेही तेच होते. कढत पाणी करून त्यात गार पाणी मिसळण्याची बंबाची रीत या दृष्टीने अधिक निर्दोष होती. पाणी ६० अंशांपर्यंत तापवून, भाजण्याचा धोका टाळण्यासाठी ते तोटीपाशी मिसळावे, हाच तिचा आधुनिक अवतार. तिसरा आधार प्रवाहाचा : टाकी गरजेपुरती लहान, झाकलेली व ठरावीक मुदतीने घासलेली असावी, फवाऱ्यांवरील क्षार काढलेले असावेत, आणि बंद खोल्यांचे नळ आठवड्यातून एकदा तरी वाहते करावेत.

या तिसऱ्या उपायापाशी खरा संघर्ष उभा राहतो. ज्या नगराने रेल्वेने पाणी आणले, तेथे नळ सोडून ठेवा असे सांगणे कोणासही उधळेपणाचे वाटेल. काटकसर आणि स्वच्छता या दोन्ही सद्गुणांची येथे टक्कर होते. तथापि तोड अशक्य नाही. सोडलेले पाणी तुषार न उडविता बादलीत धरून संडासास व झाडांस घालता येते. दीर्घकाळ बंद ठेवावयाच्या मजल्याची टाकी अर्धवट भरलेली ठेवण्यापेक्षा रिती करून ठेवणे व पुन्हा वापरण्यापूर्वी ती घासून क्लोरीनने धुणे श्रेयस्कर. बादली-तांब्याच्या स्नानात फवाऱ्याच्या मानाने पाणीही थोडे लागते आणि सूक्ष्म तुषारही कमी उडतात. तेव्हा टंचाईच्या काळात फवारे बंद ठेवणे हा दोन्ही अंगांनी हिताचा मार्ग होय.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन अवस्था स्पष्ट होतात. पहिल्या अवस्थेत प्रवाशाचे पाणी नदी, बारव किंवा नहर यांचे होते. ते सामायिक व उघड होते आणि त्याचा दोष सर्वांच्या दृष्टीस पडे. दुसऱ्या अवस्थेत शासनाने उगम व शुद्धीकरण आपल्याकडे घेतले. पटकी ओसरली, नारू नाहीसा झाला. तिसऱ्या अवस्थेत, टंचाई व अनियमित पुरवठा यांमुळे, पाण्याचा शेवटचा आणि सर्वांत दीर्घ मुक्काम खाजगी टाकीत होऊ लागला. रोगाची संभाव्य जागा उगमापासून सरकून टाकीत आली. जबाबदारीची जागा मात्र उगमापाशीच राहिली.

१८६७च्या कायद्यातील दंडाधिकारी आणि त्याची शिक्षा यांचे पुनरुज्जीवन करण्याची आवश्यकता नाही. परंतु त्यातील ‘रक्षक’ ही कल्पना आजच्या निवासांस उपयुक्त आहे. टाकी केव्हा घासली, क्लोरीन किती होता, गरम पाण्याचे तापमान किती होते, कोणती खोली किती दिवस बंद होती, एवढ्या चार गोष्टी एका वहीत लिहिणारा एक मनुष्य प्रत्येक यात्री-निवासात व वसतिगृहात असेल, तर त्यास महागडी यंत्रसामग्री लागणार नाही. अशा वह्या पुढील संशोधकास साधनेही पुरवतील. कारण विहिरी, तलाव व धरणे यांचा इतिहास लिहिण्यास कागदपत्रे मिळतात, पण टाक्यांचा इतिहास लिहिण्यास ती जवळजवळ नाहीतच. नांदेड व लातूर येथे प्रवासी व विद्यार्थी येतच राहणार आणि दुष्काळही पुन्हा येणार. त्या वेळी पाणी किती आले याच्या बरोबरीने ते कोठे व किती दिवस पडून राहिले, हे विचारले जाणे आवश्यक आहे. पिण्याचे आणि वापरायचे या जुन्या वर्गवारीत ताजे आणि शिळे हा तितकाच जुना भेद पुन्हा अंतर्भूत केला, तर त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास मराठी घराच्या परंपरेतच आधार सापडेल.